हात लावाचं काम नाही

"एक सांग शेखर, नवीन मशीन घ्याव का तुले ठेवाव? दोन्ही जमत नाही बापा."

जिनिंगचा मालक माणिकराव असा थेट बोलला. शेखर कॉम्प्युटरपुढून उठून उभा राह्यला.

बाहेर कापसाच्या गाड्यायची लाईन पार जळगाव जामोदच्या रोडापर्यंत गेली होती. गाडी काट्यावर चढे, वजन होये, पण पावती काही निघेना. कॉम्प्युटरवर चाक फिरे तं पाच-पाच मिन्टं फिरतच राहे. गाडीवाले शिव्यायची लाखोली वाहून राह्यले होते. नागपूरचा मशीनवाला सांगून गेला होता, हे कॉम्प्युटर जुनं झालं, पाच लाखाचं नवीन मशीन बसवा. तेवढे काढाचे तं कॉम्प्युटर पाहणाऱ्या शेखरचा पगार बंद.

नऊ वर्षं झाली होती त्याले तिथं. घरी माय आंथरुणावर पडेल. तिले टाकून पुण्याले जाता येत नव्हतं, अन् गावात अशी दुसरी नोकरी कुठं?

"चार दिवस द्या भाऊ. हेच मशीन पयवून दाखवतो."

चार दिवस गडी जेवला का उपाशी राह्यला, त्याचं त्याले मालूम नाही. खोट सापडली तं कपाळावर हात मारला त्यानं. एका कास्तकाराचं नाव काढाले कॉम्प्युटर नऊ वर्षांच्या साऱ्या पावत्या पहिलीपासून उलथत बसे. वाण्याच्या वहीच्या कडेले अक्षरं कापेल असतात ना, तशा त्यानं नाववार खुणा लावून देल्ल्या. पाचव्या दिवशी गाडी काट्यावर चढली का पावती हातात.

"काय बे शेखर, भूत बसवलं का आत?" शालिग्राम गाडीवाला ओरडला. दुपारपर्यंत रोड मोकळा.

बायकोनं, अश्विनीनं, सकाळीच बजावलं होतं. "मालकानं इचारलं तं सांगजा, रोज पाहा लागते म्हणून. लय हुशारी दाखवू नका."

संध्याकाळी माणिकरावनं इचारलंच. "किती दिवस टिकन बे हे?"

अश्विनीचं वाक्य पार ओठावर आलं होतं. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याच्या कामाकडं डोळे भरून पाहून राह्यलं होतं. छाती फुगली गड्याची.

"धा वर्षं कोणाले हात लावाचं काम नाही, भाऊ."

माणिकराव खुर्चीतून उठलाच. बजारातून शाल-नारळ आणवला. हमाल, गाडीवाले, भागीदार, सारे अंगणात गोळा केले. शेखरनं मान वाकवली, खांद्यावर शाल पडली, टाळ्या वाजल्या. डोळे भरले त्याचे. मायले शाल दाखवू, माय तिच्यावर हात फिरवून पाहीन, असं मनात आलं.

"असा माणूस दिवा घेऊन धुंडला तरी भेटणार नाही," माणिकरावनं त्याले खरंच छातीशी धरलं. "मशीनचा खर्च वाचवला गड्यानं. अन् उद्यापासून सोताच्या पगाराचाबी."