खालून उघडी

सकाळी सव्वाआठला परीक्षेला निघालेल्या नंदिनीच्या करंगळीत प्रेमदासला हिरव्या खड्याची अंगठी दिसली. चप्पल घालताना तिने भिंतीला हात टेकला, तेवढ्यात.

प्रेमदास निवृत्त शिक्षक. पिपरी मेघेच्या बुद्धविहारात तो ग्रहांच्या खड्यांविरुद्ध बोलायचा. बुधासाठी हिरवा खडा, करंगळीत, बुधवारी घालायचा, कातडीला टेकावा म्हणून खालून उघडा. ही सगळी फसवणूक त्याला पाठ होती. आज रविवार होता, एवढीच गोष्ट मुलीच्या बाजूची. याआधी दोनदा ती याच परीक्षेत नापास झाली होती.

"कोनं देल्ली?"

"मीच घेतली, सेलूच्या बजारात."

"पन्ना आहे?"

"नाई बाबा. कॅल्सेडनी म्हणतात. साधा दगड आहे, रंग आवडला."

"मंग करंगळीतच काऊन?"

"दुसऱ्या बोटात जातच नाई."

त्याने हात पुढे केला. तिने अंगठी काढून दिली. त्याने ती उलटी केली. खालून उघडी होती.

"अन् हे?"

"उजेड आरपार गेला पाह्यजे ना. मागून बंद केली तं दगड काळा दिसते." तिने पिशवी खांद्याला लावली. "विहारात लोकाईले इचारता, तसं मले इचारून राह्यले तुमी. ठेवा तुमच्याजवळच."

तिचा ऑटो वळणाआड गेला.

प्रेमदास ओट्यावर उन्हात बसला. खडा काचेसारखा चमकत नव्हता. कच्च्या द्राक्षाच्या सालीतून गर दिसावा तसा उजेड त्यात शिरत होता आणि आतच रेंगाळत होता. मुठीत धरला तरी गार. त्याने मागून बोट लावलं. हिरवा रंग विझला. बोट काढलं, पुन्हा उजळला.

म्हणजे उजेडाचं खरं होतं. करंगळीचं तपासायचं राहिलं होतं.

त्याने अंगठी स्वतःच्या बोटांत घालून पाहिली. बाकी कुठल्याच बोटात ती पेरापुढे सरकली नाही. करंगळीत मात्र थेट मुळाशी जाऊन बसली.

बऱ्याच वेळाने जिजाबाई पदराला हात पुसत दारात आली. "पेपर सुरू झाला असन आता." मग नवऱ्याकडे बघत राहिली. "काय जी, हात कायले लपवून राह्यले?"

"काई नाई."

"अंगठी निघत नाई का? साबण देऊ?"

प्रेमदासने आत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "पेपर सुटू दे पयले."