तोंडचं पाणी

संगमरवरी देवीचा गाल थुंकीने पुसायचा, हे ऐकून तिच्या सासूबाई हबकल्या होत्या. पण संग्रहालयात प्राचीन मूर्तीवरची काजळी अशीच निघायची: कापसाचा बोळा जिभेवर ओला करायचा आणि अलगद फिरवायचा. आज बाळाला घरी ठेवून ती पहिल्यांदाच कामावर आली होती, आणि बोळा कोरडाच फिरत होता. “तोंडचं पाणी पळालं की काय?” शेजारी देवीचं बोट जोडणाऱ्या सरांनी विचारलं. “बाळ बाटलीला तोंडच लावत नाहीये, सर. सकाळपासून उपाशी आहे.” “मग जा की घरी!” “आज गेले, तर रोजच जावं लागेल. मग कसली नोकरी?” तेवढ्यात फोन वाजला. घरचा नंबर बघून तिने तो सरांकडे सरकवला, त्यांनी उचलला. “सासूबाई म्हणतायत, प्यायला! अख्खी बाटली संपवून खुशाल झोपलाय!” “अख्खी?” तिने एवढंच विचारलं, आणि बघता बघता तिचा कुर्ता दुधाने भिजत गेला.