फिकी

मोठ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते आणि नाडकर्णी त्यांना काचेच्या टाकीतल्या शोभेच्या कोळंब्या दाखवण्यात रंगले होते. नखाएवढ्या, लालबुंद, घरातच पैदास केलेल्या.

"सगळ्या अशा एकसारख्या लाल कशा हो?" मुलाच्या आईने विचारलं.

नाडकर्णींनी बारक्या जाळीने एक फिकट कोळंबी उचलून शेजारच्या टाकीतल्या माशापुढे टाकली. माशाने ती मटकावली. "अशा! इथे माया करून चालत नाही. एक जरी फिकी राहिली, तरी पुढची सगळी पिढी बिघडते."

तेवढ्यात धाकटी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिला आतच थांबायला बजावलं होतं. तिच्या बोटांवर कोडाचे पांढरे डाग होते.

मुलाच्या आईने कपाला हातही लावला नाही. "मुलगी छान आहे हो," पर्स उचलत त्या म्हणाल्या, "पण पुढच्या पिढीचं आत्ता तुम्हीच सांगितलंत."

पाहुणे गेले. धाकटी ट्रे धरून तशीच उभी होती. इतका वेळ मान खाली घालून बसलेली मोठी पहिल्यांदाच बोलली.

"बाबा, मग हिच्यावर कशाला माया केलीत?"