चार्मीवहूची अठ्ठाई

डावा डोळा मिटून चार्मी कोठीघरात खाखरा खात होती. आवाज होऊ नये म्हणून तुकडा आधी तोंडात भिजवायची, मग गिळायची. घरचे सगळे उपाश्रयात व्याख्यानाला गेले होते.

आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायचं, असं अठ्ठाईचं व्रत, पच्चखाण, तिने उपाश्रयातल्या जैन महाराजसाहेबांसमोर घेतलं होतं. तेही रागाच्या भरात. सासू कंचनबा चार बायकांत म्हणाल्या होत्या, "आमच्या वहूचं डोकं उपासाची तिथी बघून दुखतं."

डोकं खरंच दुखायचं, अर्धशिशी होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "उपाशी राहायचं नाही, मॅग्नेशियमची गोळी चुकवायची नाही." तिने पहिल्या दिवसापासून दोन्ही मोडलं. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा माहेरहून आणलेला डबा उघडला. खाखरा खाल्ला, गोळी घेतली. दुपारपर्यंत डोकेदुखी उतरली, पण आरशात बघायची लाज वाटू लागली.

मग रोज तेच. कोठीतल्या अंधारात डब्यात हात घालायचा, हाताला लागेल तो खाखरा काढायचा. आधी साधे लागले, मग जिऱ्याचे. चवीकडे लक्ष कुठे होतं? स्वतःचीच किळस येत होती.

"शातेत आहेस ना? काही त्रास नाही ना?" तपस्विनी म्हणून बायका तिच्या पाया पडून विचारायच्या. तिला पाय पोटाशी ओढून घ्यावेसे वाटायचे.

कंचनबांच्या अठ्ठाया अख्ख्या गल्लीत गाजलेल्या. उपासाच्या दिवसांत त्यांच्या कपाळाला ओला पंचा असायचाच. "उष्णता, दुसरं काय," म्हणायच्या. यंदा त्या रोज वहूचं पाणी उकळून द्यायच्या. "टिकलीस हं," एकदा म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तिसऱ्या दिवशीच आडवी होशील." टोमणा होता की कौतुक, चार्मीला कळलं नाही.

पारण्याच्या सकाळी अंगण माणसांनी भरलं. चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी आलं. पहिला चमचा सासूचा. तो ओठांशी आला आणि चार्मीला राहवेना.

"बा, नको," ती पुटपुटली. "मी खाल्लंय. रोज."

कंचनबा पाहुण्यांकडे बघून हसल्या आणि चमचा तसाच धरून तिच्या कानाशी वाकल्या.

"तोंड उघड. तुझ्या माहेरचे खाखरे केव्हाच संपले होते, जिऱ्याचे माझे. माझ्या अठ्ठायांत डबा माझी सासू भरायची."