पिस्तुलाची मूठ

नांदूरघाटच्या शिवशंकरतात्यांच्या ट्रॅक्टर शेडमध्ये, एका पत्र्याच्या पेटीवर पिस्तूल ठेवलं होतं. छर्ऱ्याचं, नेमबाजीच्या खेळातलं. पौर्णिमा त्याच्याकडे बघतच राहिली. सरावाला आजवर बीडच्या क्लबातलं सामाईक पिस्तूलच तिच्या वाट्याला यायचं, तेही बाकीच्यांचं झाल्यावर. नवं घेणं तिच्या वडिलांच्या, भारतच्या, आवाक्यातलं नव्हतं. नेकनूरच्या शाळेत शिपाई होता तो. वापरलेलं का असेना, असं पिस्तूल एवढ्या स्वस्तात पुन्हा मिळणार नव्हतं.

"नीट बघून घ्या, भारतराव," तात्या म्हणाले. "पोरीचं लगीन ठरलंय. तिकडच्या लोकान्ला असलं काई घरात नको हाय."

पोरगी, सायली, खांबाला टेकून उभी होती. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिनं नेम धरला की बाकीच्या पोरी आपला सराव सोडून बघायच्या. पौर्णिमाही त्यातलीच एक.

"सायले, मारून दाखव यान्ला. माल कसा हाय कळू दे."

सायलीनं छर्रा भरला, हात उचलला, श्वास सोडला. समोरच्या पोत्यांवर लावलेल्या कागदाला बरोबर मधोमध भोक पडलं. दुसरा छर्रा त्याच भोकातून गेला.

"चालू हाय म्हणायचं," भारत म्हणाला.

पौर्णिमानं पिस्तूल हातात घेतलं. लाकडी मूठ सायलीच्या हाताच्या मापानं घासून घासून घडवलेली होती. सायलीची बोटं बारीक. पौर्णिमाचा अंगठा खाचेत अडकला.

"बसत न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. असं म्हटलं की भाव उतरतो, हे तिला ठाऊक होतं.

भारतनं लगेच धागा पकडला. "मूठ घासून घ्यावी लागंल, तात्या. जरा समजून घ्या."

"घासायचंच हाय ना? त्याला काय एवढं." तात्यांनी भिंतीवरची कानस काढून लेकीपुढं धरली. "घे."

"घरी जाऊन घासतील की त्या, पप्पा."

"कुठं किती घासायचं ते तुला ठाऊक हाय. कावून दुसऱ्याच्या हातनं लाकूड नासवायचं?"

सायली खाली बसली. पिस्तूल मांडीवर आडवं घेऊन तिनं कानस चालवली. भुसा तिच्या पायांवर पडत राहिला. मध्येच ती पौर्णिमाचा हात ओढायची, मुठीवर बसवून बघायची, पुन्हा घासायची. काम नीट चाललं होतं. कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही.

"आता?"

अंगठा अलगद बसला. सगळी बोटं आपापल्या जागी गेली. पिस्तूल हाताचंच झालं. पण पौर्णिमाला वाटलं, सायलीनं आत्ता हातात घेतलं, तर अजून तिलाच बसेल.

"अजून थोडं लागतंय," ती म्हणाली.

सायलीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मूठ बसलीय, हे तिला कळलं होतं. तरी तिनं मान खाली घातली आणि खाच आणखी रुंद केली. मग उठताना तिनं मूठ एकदा आपल्या हातात धरून पाहिली. पिस्तूल तिच्या बोटांत सैल डुगडुगलं. तिनं ते पेटीवर ठेवलं, पाय झटकले आणि घरात निघून गेली.

व्यवहार झाला. तात्यांनी छर्ऱ्यांची डबीही वर फुकट दिली.

परतीच्या एसटीत पौर्णिमानं पिस्तुलाचा डबा मांडीवर घेतला होता. भारत लई खुशीत होता. इतकं मोकळं तो एरवी बोलायचा नाही.

"जपून वापर बरं," तो म्हणाला. "ओरखडा पडू देऊ नको."

"न्हाई पडू देणार, आण्णा."

"तसं न्हाई, दोन-तीन वर्सांत तुझंबी जमवायचंच हाय. तवा इकताना भाव आला पायजे."

पौर्णिमाच्या तोंडावर ऊन येत होतं. भारतनं उठून हळूच खिडकीची काळसर काच ओढून दिली.