एक डाव थांबा

आपला तालुका मुलांच्या रक्तात भिनवायचा असेल तर तो खेळातूनच भिनवला पाहिजे, असे ललित सरांचे ठाम शैक्षणिक मत होते. शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनाचे परिपत्रक शाळेत आले, त्याच दुपारी ते मत तयार झाले होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिघे शिक्षक स्टाफरूममध्ये तालुक्याच्या खेळाचा पट मांडून बसले. घराघरातला मजकूर सरांचा, पुठ्ठा परेशच्या मामाच्या कापडदुकानातला, आणि रंगकाम मुक्ताबाईंचे. बाईंनी पट घरी नेऊन सुरेख रंगवून आणला होता. कासा, रानशेत, डहाणू. आगरच्या घरात तर शिडाची होडीसुद्धा काढली होती. सोंगट्या म्हणून शर्टाची बटणे घेतली.

परेशचे बटण कासाला पोचले. "जीप मिळाली, चार घरे पुढे," सरांनी वाचले.

"आणि बसायला जागा?" परेश म्हणाला. "सर, थोडं खरं लिहा."

तिघेही हसले. मग मुक्ताबाईंना तीन पडले. त्यांचे बटण होडीशेजारी जाऊन थांबले.

"आगर," सर त्याच हसऱ्या आवाजात वाचू लागले. "सुक्या मासळीचा वास. नाकाला रुमाल..." आणि तिथेच त्यांची जीभ अडली.

मुक्ताबाई आगरच्या. त्यांची आई डहाणूच्या बाजारात मासळी घेऊन बसते. हे सरांना माहीत होते, परेशलाही होते. पण वाक्य सुचले तेव्हा दोघेच होते, आणि परेश असा हसला होता की चहा त्याच्या नाकात गेला होता.

"वाचा ना सर," मुक्ताबाई म्हणाल्या. "पुढे 'लावा' आहे."

त्यांना पाठ होते. असणारच. अक्षर त्यांचेच होते. काळ्या रंगात, वर लाल कड, एक रेघही न हललेली.

"लावा. एक डाव थांबा," सरांनी संपवले. परेश पंख्याकडे बघू लागला. पंखा बंद होता.

"ते आपलं मुलांना जरा हसू यावं म्हणून, बाई."

"आईलाही आलं. काय लिहितेस म्हणाली, म्हणून वाचून दाखवलं. तर म्हणते, हे तेच सर ना, दर रविवारी वाट्यावर दोन बोंबील जास्त मागून घेणारे?"

सरांचे कान तापले. त्यांनी रुमाल काढून तोंड पुसले. आपल्या हातात रुमाल आहे हे ध्यानात येताच तो घाईघाईने खिशात कोंबला.

"बदलून टाकू. आत्ता," ते म्हणाले. त्यांनी कागदाची पट्टी कापली, लिहिली, डिंकाने त्या ओळीवर चिकटवली आणि बक्षीस जाहीर करावे तशी वाचली. "आगर. ताजी मासळी. तीन घरे पुढे जा!"

मुक्ताबाईंनी पट्टी नीट पाहिली.

"म्हणजे आता आगरला कोणी थांबायचंसुद्धा नाही."

"मुक्ताबेन, सरांचा मतलब तसा..." परेशने सुरुवात केली आणि मतलब न सापडल्याने सोडून दिली.

"टाका फासा सर, तुमची पाळी आहे," बाई म्हणाल्या. "मी हा डाव थांबते." बटण त्यांनी होडीशेजारून हलवले नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी दमट हवेने पट्टी एका कडेने सुटली. सर तिच्यावर तळहात दाबून उभे राहिले. परीक्षक म्हणाले, "हात काढा, खेळून बघू." सर म्हणाले, "रंग ओला आहे." परीक्षक पुढे गेले.

खेळाला तिसरा क्रमांक मिळाला. एकूण खेळ तीनच आले होते.