खारीचा डबा

तिसऱ्या पोत्यात हात घातल्याबरोबर सुरुचीच्या बोटांना काहीतरी चिकट लागलं. झुरळाची अंडी. तिने हात झटकला आणि बेसिनवर जाऊन साबणाने तीनदा धुतला.

"बाबा, हे सगळं कशासाठी ठेवलंय ते तरी सांगा," ती म्हणाली.

तिचे सासरे दिनानाथ पेपर धरून खुर्चीत बसले होते. वाचत मात्र नव्हते.

"लागतं कधीतरी."

उद्या पेस्ट कंट्रोलवाला येणार होता, आणि त्याच्या आत जूचंद्रच्या फ्लॅटमधली सासऱ्यांची खोली रिकामी व्हायलाच हवी होती. नवरा सुमेध रविवारची ड्युटी आहे म्हणून सकाळीच सटकला होता. आपल्या बापाची घाण बायकोच्या गळ्यात घालणं त्याला बरं जमायचं.

आणि घाण तरी किती. श्रीखंडाचे रिकामे डबे, त्यांत उंदराच्या लेंड्या. वितळून एकमेकांना चिकटलेले रबरबँड. मोडक्या छत्र्या. मग कार्डं. मुदत संपलेली एटीएम कार्डं, सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या दवाखान्याची कार्डं, दोन जुनी रेशनकार्डं, कधीच बंद पडलेल्या केबलवाल्याचं कार्ड, ज्यांची मुलं आता कॉलेजात जातात त्यांच्या लग्नपत्रिका. सगळ्याला एकच वास होता, ओला, कुबट. ती नाकाला ओढणी बांधून पोती भरत राहिली.

तसा माणूस वाईट नव्हता. दिनानाथ पोस्टमन होते. चांदीप आणि आसपासच्या पाड्यांवर सायकलने टपाल वाटण्यात त्यांची उभी नोकरी गेली. सुरुचीचं माहेर चांदीपचं, त्यामुळे ते तिला लहानपणापासून ओळखत. सुमेधसाठी मागणी घालायला ते स्वतः आले, तेव्हा त्यांनी काही मागितलं नाही. मुलीचा बाप कुठे असतो, हेसुद्धा विचारलं नाही.

बाप. शत्रुघ्न पाटील. ती सहा वर्षांची असताना रेतीच्या बोटीवर कामाला म्हणून गुजरातला गेला, तो परत आलाच नाही. तिकडे दुसरं घर केलं, असं गाव म्हणायचं. आई काहीच म्हणायची नाही. कपाळभर कुंकू लावून शेतात राबायची. काकांचा त्या शेतावर डोळा होता, पण आपला भाऊ भलता तापट, कधीही दारात येऊन उभा राहील, या धाकाने त्यांनी त्याच्या हिश्शाला हात लावला नाही. बापाचा उपयोग झाला तो एवढाच. शाळेत स्वतःच्या नावापुढे त्याचं नाव लिहिताना सुरुचीला किळस यायची. झुरळाची येते तशीच.

दुपारपर्यंत सात पोती भरली. मग ती वाकली आणि पलंगाखालून खारीचा पत्र्याचा डबा बाहेर ओढला.

"तो राहू दे," दिनानाथ म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच ते खुर्चीतून उठले होते.

"त्यातही झुरळंच असतील, बाबा."

"सुरुची, ठेव तो खाली."

तिने झाकण काढलं. झुरळं नव्हती. डबा आतून लखलखीत पुसलेला होता, कोपऱ्यात डांबरगोळी होती. मधे प्लॅस्टिकच्या पिशवीत एकच पोस्टकार्ड. त्याचा एक कोपरा फाडलेला.

कोपरा फाडलेला, म्हणजे मयताचं कार्ड. असलं कार्ड वाचलं की लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, एवढं तिलाही ठाऊक होतं. तिने पत्ता वाचला. आधी सवयीने 'सौ.' लिहून ते खोडलं होतं, आणि पुढे 'श्रीमती वसुंधरा शत्रुघ्न पाटील, मु. चांदीप'. तिची आई.

मजकूर चारच ओळींचा. शत्रुघ्न बोटीवरून खाडीत पडून वारला, क्रियाकर्म इथेच उरकलं, कळावे. खाली बोटीवर बरोबर काम करणाऱ्या कुणा धनेशचं नाव. तारीख सत्तावीस वर्षांपूर्वीची.

"हे तुम्ही पोचवलं नाहीत," ती म्हणाली.

दिनानाथांनी कार्ड परत घ्यायला हात पुढे केला.

"मेलेल्या माणसाला मी सत्तावीस वर्षं शिव्या घातल्या. आई वाट बघत राहिली. आणि तुम्ही आमच्या ओट्यावर बसून चहा पीत होतात."

"मला बोल काय बोलायचं ते," दिनानाथ म्हणाले. "तेवढं आईला काही विचारू नकोस."

आता तिला सगळं उलगडलं. ती मागणी, तो न विचारलेला प्रश्न. स्वतःचं पाप झाकायला या माणसाने तिला सून करून आणलं होतं. या माणसाला रोज आपण वाढतो, याचे कपडे धुतो. तिने पुन्हा हात धुतले, कार्ड पर्समध्ये टाकलं आणि स्कूटी काढली.

चांदीपला आई ओट्यावर बसून वटपौर्णिमेसाठी सूत गुंडाळत होती. अंगणापलीकडे काकांची पडवी होती आणि काका झोपाळ्यावर होते.

"अशी अचानक?" आई म्हणाली. "जेवलीस का नाय?"

"आई, सूत ठेव बाजूला." सुरुचीने कार्ड पुढे केलं. "हे सासऱ्यांच्या डब्यात मिळालं. त्यांनी तुला फसवलं गं."

आईने कार्ड हातात घेतलं. चष्मा लावला नाही. अंगठा सरळ फाटलेल्या कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. मग काकांच्या पडवीकडे एक नजर टाकून तिने कार्ड पदराखाली सारलं.

"हे जपून ठेवा, असं मीच सांगितलेलं त्यांना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तू कशाला आनलंस परत?"